परसबागेतल्या पाण्यासाठी जूनपेक्षा सप्टेंबर महत्त्वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याविषयीची आवाहने सर्वत्र दिसू लागतात. त्यांमागचा हेतू चांगला असला, तरी त्यातला बहुतेक सल्ला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या देशावरच्या गावांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो आणि कोकणातल्या परसबागांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तरीही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात आणि ऐन काढणीला आलेला भाजीचा वाफा पाण्याअभावी सोडून द्यावा लागतो. याचे कारण पायाखालच्या जांभ्यात आहे. हा सच्छिद्र दगड पाणी झपाट्याने पितो आणि तितक्याच झपाट्याने उतारावरच्या झऱ्यांवाटे खाडीकडे सोडून देतो. म्हणून आपल्याकडे पाणी मिळवणे हा प्रश्न नसून मिळालेले पाणी पाडव्यापुढे टिकवणे हा खरा प्रश्न आहे, आणि परसबागेची आखणी त्या दृष्टीने व्हावी, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून (उतरत्या कौलांची लांबी न धरता छपराखाली आलेली जमीनच मोजावी) वाया जाणारा पाचवा हिस्सा वजा केला, तरी हंगामात दोन लाख लिटरांहून अधिक पाणी पागोळ्यांवाटे खाली येते. एवढे साठवायला टाकी कोण बांधणार? पण एवढे साठवायची गरजही नाही. पन्नास चौरस मीटरच्या भाजीपाल्याला उन्हाळ्यात, आच्छादन केलेले असल्यास, दिवसाला साधारण दोनशे लिटर पाणी लागते. विहीर बहुधा एप्रिलच्या मध्यापर्यंत साथ देते. तिथून मृगाच्या पावसापर्यंतचे सुमारे पन्नास दिवस निभावले की झाले, आणि त्यासाठी दहा हजार लिटरांची टाकी पुरते. ही टाकी केवळ त्याच दिवसांसाठी राखून ठेवायची, हा निश्चय मात्र पक्का हवा. दिवाळीनंतर हाताशी आहे म्हणून तिला नळ लावला, तर गरजेच्या वेळी ती रिकामी सापडते.

टाकी भरण्याची घाईही करू नये. दहा हजार लिटरांना या छपरावर सव्वाशे मिलिमीटर पाऊस पुरतो आणि जुलैत तेवढा कधी कधी एका दिवसात पडतो. जूनच्या सरींबरोबर कौलांवरची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते, ती टाकीत घेऊन वर्षभर सांभाळण्यात काहीच अर्थ नाही. टाकी पावसाळ्यात घासून घ्यावी आणि उत्तरा नक्षत्राच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भरून घ्यावी. तोवर छप्पर धुऊन निघालेले असते, शेवाळाचे तुकडे अडवायला पन्हळीच्या तोंडाशी जाळी आणि फडके बांधले की पुरते, आणि काही कमी राहिलेच तर हस्ताचा पाऊस हाती असतो. टाकीला उजेड लागू देऊ नये, नाहीतर पाणी हिरवे होते. झाकणाला आणि सांडव्याच्या नळीला बारीक जाळी हवी, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी तयार होते आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. उघड्या हौदात गप्पी मासे सोडणे हा जुना उपाय आजही चांगला आहे.

झाडांची गोष्ट वेगळी आहे. एका माडाला उन्हाळ्यात ठिबकने दिले तरी रोज चाळीस लिटरांच्या आसपास पाणी लागते, म्हणजे दहा माडांपुढे वर सांगितलेली टाकी महिनाभरही टिकणार नाही. झाडांचे पाणी जमिनीतच साठवावे लागते. त्यासाठीचे उत्तम साधन आपण चुलीत जाळतो किंवा गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, फेकतो, ते म्हणजे नारळाचे सोडण (वरचे काथ्याचे साल). पावसाळ्याच्या तोंडाला माडाच्या बुंध्यापासून सुमारे दोन मीटरांवर गोल चर खणावा, त्यात सोडणांची पोकळ बाजू वर येईल अशी ती एकाला एक लावून थर रचावेत, प्रत्येक थरावर थोडी माती ओढावी आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर द्यावा. सोडणातला काथ्या आणि भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो आणि भोवतालच्या मुळांना सावकाश देतो. एकदा भरलेला चर पाच-सहा वर्षे काम देतो. डिसेंबरात असा चर थोडा उकरून पाहावा. वरची माती भुसभुशीत कोरडी झालेली असते, पण वीतभर खाली सोडण हाताला गार लागते, दाबले की बोटे ओली होतात आणि माडाची पांढरी कोवळी मुळे त्या काथ्यात शिरलेली दिसतात. खर्च म्हणाल तर दोन माणसांची मजुरी. डोंगरउतारावरच्या कलमांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण जलकुंडाची, म्हणजे प्लास्टिक अंथरलेल्या पाणीसाठ्याच्या खड्ड्याची, शिफारस केली आहे, तीही मोठ्या आवारात उपयोगी पडते.

कोकणातल्या बागेला एकाच वर्षात दोन उलट गोष्टी करायच्या असतात, याचा विसर पडतो. जुलैत पाणी बाहेर काढायचे आणि सप्टेंबरअखेर तेच अडवायचे. आले, हळद, भेंडी यांच्या मुळांशी पाणी दोन दिवस उभे राहिले की मूळ कुजते, म्हणून पावसाळी भाजी गादीवाफ्यावर किंवा वरंब्यावरच हवी. मधल्या सऱ्यांतले पाणी एका कोपऱ्यात, अळू आणि केळीच्या जागेत, नेऊन सोडावे. त्यांना ओल सोसते आणि तिथे गाळही थांबतो. पाऊस ओसरू लागला की सऱ्यांची तोंडे बंद करावीत, वाफे सपाट करून कडेने बांध घालावेत आणि जमीन ओली आहे तोवरच झावळ्यांचे, गवताचे, पाचोळ्याचे आच्छादन पसरावे. सुकलेल्या जमिनीवर नोव्हेंबरात घातलेले आच्छादन फारसे काही वाचवत नाही.

या सगळ्यावर पाणी फिरते ते घराभोवतीच्या फरसबंदीने. चिखल नको म्हणून अंगण, परस आणि विहिरीभोवतीची जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकून टाकण्याची रीत गावोगाव वाढली आहे. पाणी अंगावर घेऊन हळूहळू झिरपू देणारा गडगा पाडून तिथे सिमेंटची भिंत येते आणि दगडी पायवाटेचे, म्हणजे पाखाडीचेही, काँक्रीट होते. मग वरच्या घराचे पाणी खालच्या घराच्या बागेतली तांबडी माती खरवडत गटारात जाते. चालण्यापुरती वाट पक्की करून बाकीची जमीन उघडी ठेवणे कुणालाही अशक्य नाही. छपराचे पाणी थेट विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ते वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून आल्याखेरीज सोडू नये, कारण एकदा दूषित झालेली विहीर शेजारच्या विहिरींनाही बाधते. शिवाय जुलैत काठोकाठ भरलेल्या विहिरीत भर घालून काही साधत नाही, पाऊस संपतानाचे पाणीच तिच्या कामी येते.

पुणे महानगरपालिका पर्जन्यजल साठवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. आपल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी असा विचार केला, तर त्यांनी केवळ टाकी आणि पाइप पाहून समाधान मानू नये. आवारातली किती जमीन उघडी राखली आहे आणि छपराचे पाणी रस्त्यावर येते की आवारातच जिरते, हेही पाहावे. दुसरी विनंती जनजागृतीच्या वेळेविषयी आहे. ती जूनमध्ये आटोपली जाते, पण चर भरणे सोडले तर परसबागेतले पाणी राखण्याचे बहुतेक काम सप्टेंबरात असते. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेतला, सहायक कृषी अधिकाऱ्यांनी एखाद्या घराच्या आवारात गादीवाफे मोडून बांध घालणे आणि टाकी भरणे प्रत्यक्ष दाखवले, आणि आपल्या दैनिकानेही त्याच सुमारास या माहितीला जागा दिली, तर उत्तरा नक्षत्र लागण्यापूर्वी तयारीला लोकांच्या हाती तीन-चार आठवडे राहतील.

आपला,
एक बागायतदार वाचक,
ता. जि. रत्नागिरी