काल काय काय खाल्लंत?

सोलापूर,
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय नलू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांची उत्तरं राहिलीत, ठाऊक आहे. रागावली असशील तर फोनवर रागाव, आधी हे वाच. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, एचबीए१सी, ८.१ आली, म्हणजे साखर चढीच.

काल नव्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्याकडे एक आहारतज्ज्ञ मुलगी बसते, आपल्या शुभीच्या वयाची. तिनं फाइल मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काकू, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत ते सांगा. मी ओरडणार नाही." नलू, माझा घसाच दाटून आला गं. अण्णांना हे कुणीच विचारलं नाही.

आठवतं ना तुला? डॉक्टरांपुढे ताठ बसून अण्णा म्हणायचे, "गोड? शिवत नाही मी." एकदा पेढ्यावरून चार पेशंटांसमोर बोलणी खाल्ली, त्यानंतर त्या माणसानं दवाखान्यात खरं म्हणून सांगितलं नाही. सोमवारचा उपवासही लपवला. साखर उतरेना म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि ती वाढवलेली गोळी उपाशीपोटी घेऊन ते श्रावणात नवी पेठेत कोसळले. आपल्या काकू शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, चक्कर आली. साखर एकदम खाली गेली होती, ते तुला नि मलाच माहीत.

म्हणून मी काल सगळं सांगितलं. दोन वेळचा चहा, त्यातली साखर, दुपारच्या दोन भाकऱ्या, पिठलं, रात्री आमटी-भात, झोपताना नातवाच्या ताटलीतला अर्धा लाडू. ती लिहून घेत होती. मग तिनं पुठ्ठ्याच्या तीन चकत्या माझ्यापुढे मांडल्या. लहान, मधली, मोठी. "तुमची भाकरी यातली कुठली?" मी मोठीवर बोट ठेवलं. आपल्याकडची भाकरी म्हणजे परात झाकेल एवढी, तू तर रत्नागिरीला जाऊन तांदळाच्या इवल्याशा भाकऱ्यांना सरावलीस!

आणि मला जे कुणी आजवर समजावलं नव्हतं ते तिनं समजावलं. ज्वारी चांगलीच, चोथा असतो, पोट भरलेलं राहतं. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं, म्हणजे पोटात ज्याची साखर होते ते, ६५ ते ७० ग्रॅम, गव्हातही जवळपास तेवढीच. म्हणजे पोळी सोडून मोठ्या दोन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर उतरणार कुठून? आधीच्या दवाखान्यात छापील कागद हातात दिला होता: ओट्स, ब्राउन राइस, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. मी शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली बाई. तो कागद फ्रिजवर लावून पिवळा पडला. ही मुलगी म्हणाली, भाकरी तुमचीच राहू दे, मधल्या चकतीएवढी एक करा, उसळ वाढवा, मेथी-शेपू भरपूर घ्या, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मीटरवर साखर बघा. आज बघितलं. १६८. दोन भाकऱ्यांवर २१४ असायची. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की कुणी दटावायची गरज उरत नाही.

आता मुद्द्याचं. एकादशी सहा दिवसांवर आली. आषाढी मी सोडणार नाही, तुला माहीतच आहे. तेही सांगितलं, आणि उपवासाला दुपारी हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, हेही. ती लगेच उठून डॉक्टरांना आत घेऊन आली. माझी गोळी ग्लिमेपिराइडची. ती पोटात अन्न असो नसो साखर खाली ओढते. त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांनी स्वतंत्र लिहून दिलं. साखर सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि उपवास तिथंच सोडायचा. देव रागावत नाही, असं डॉक्टरच म्हणाले. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, म्हणून वाटीभर भगर, दाण्याची आमटी, काकडी आणि ताक. मला पटलं. एवढं बोलायला त्यांची दहा मिनिटं गेली असतील. अण्णांसाठी ती दहा मिनिटं कुणी काढली असती तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

तुझं-माझं भांडणही मी तिथं नेलं. लग्नात तू सगळ्या मांडवासमोर डॉ. जगन्नाथ दीक्षितांची बाजू घेऊन बसलीस, दिवसात दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उठायचं. आणि मी ऋजुता दिवेकरांचं थोडं-थोडं दर दोन तासांनी. जिलेबी मात्र दोघींनी सोडली नाही! डॉक्टर म्हणाले, दोनदा जेवायचं असेल तरी गोळ्या आधी बदलायला लागतील, मला विचारल्याशिवाय सुरू करू नका. तेव्हा तुझा मुद्दा मी खोडत नाही. पण तू तुझ्या डॉक्टरांना सांगितलंयस का? तुझी मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा इतकी घसरत नाही, पण मागच्या पत्रात तू "आणखी एक गोळी दिलीय" असं लिहिलंस आणि नाव लिहिलं नाहीस. नाव कळव. किंवा पाकीटच घेऊन जा आणि विचार, "मी दोनदाच जेवते, ही चालेल का?" एवढं एक वाक्य. आणि भात किती खातेस तेही खरं सांग, वाटीनं मोजून. ओरडले तर ओरडू देत, नाहीतर दुसरे डॉक्टर बघू.

घराच्या गळतीचं काय झालं? पत्रे बदलून घेतलेस का पावसाआधी? सुनेला कितवा लागला? विनूची बदली थांबली हे वाचून बरं वाटलं. भाऊजींना नमस्कार.

शेंगाचटणी आणि मालदांडी ज्वारीचं पीठ कुरिअरनं पाठवतेय. गोळीचं नाव रविवारच्या आत फोन करून सांग, नाहीतर मी विनूला फोन करेन.

तुझीच,
कुंदा