तारीख नको, निकष द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

पुणे, १८ जानेवारी २०२२

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदया,

सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी प्रवेश आणि वाहतूक विभाग सांभाळते. नव्या सत्राच्या तोंडावर पालकांना जाणारं स्वागताचं पत्र माझ्याच टेबलावरून जातं. गेल्या दोन वर्षांत, कोरोनामुळे शाळा कधी उघडत तर कधी बंद होत असल्याने, हे पत्र गेलं की पाठोपाठ ‘कळवण्यास खेद वाटतो’ असं दुसरं पत्र पाठवायचं, अशी जवळपास प्रथाच पडली आहे. तुम्हाला लिहायचं कारण तेवढंच नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हटलं की लोकांना आधी जलतरण तलाव दिसतो आणि मग फीचा आकडा. दोन्ही आहेत, नाकारत नाही. ‘तुमच्या मुलांकडे लॅपटॉप आहेत, तुम्हाला कसली घाई?’ असंही ऐकावं लागतं. प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढे देते. फीच्या वादात मात्र इथे शिरत नाही. १५ टक्के कपातीचा तुमचा निर्णय, त्यावरची भांडणं, कोर्टाच्या तारखा या सगळ्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

आमचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही, ऑगस्टमध्ये होतं. दुसरं सत्र नाताळच्या सुट्टीनंतर, जानेवारीत. नेमक्या या दोन्ही वेळी सरकारी आदेशांची गाठ पडली. १० ऑगस्ट २०२१ ला तुमच्या विभागाचा शासन निर्णय आला: १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू. आमच्याकडे नव्या वर्षाची तयारी चालूच होती. त्या दिवशी आम्ही बसवाल्यांना फोन केले, पालकांकडून संमतीपत्रं मागवायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी टास्क फोर्सच्या, म्हणजे सरकारला कोरोनाबाबत सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या गटाच्या, बैठकीनंतर निर्णयाला स्थगिती मिळाली. बालरोगतज्ज्ञांना काळजी वाटत असेल तर तिचा मान ठेवलाच पाहिजे. पण ही बैठक शासन निर्णय काढण्याच्या आदल्या दिवशी घेता आली नसती का?

आता या जानेवारीचं. आमच्याकडे चाकणच्या मोटार कारखान्यांतल्या जर्मन अधिकाऱ्यांची मुलं आहेत, रांजणगावच्या कोरियन कंपन्यांतल्या कुटुंबांतली आहेत, आणि आई-वडिलांबरोबर अमेरिकेहून परतलेली आपली मराठी मुलंही आहेत. युरोप ‘जोखमीच्या देशां’च्या यादीत असल्यामुळे तिकडून येणाऱ्याला विमानतळावर चाचणी, सात दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी असा नियम होता. काही कुटुंबांनी शाळेचा पहिला दिवस चुकू नये म्हणून सुट्टी मोडून आधीचं विमान पकडलं. नियमित विमानसेवा बंद, दोन देशांनी आपसांत ठरवलेली ‘एअर बबल’ची मोजकी उड्डाणं, त्यात तिकिटांचे दर बघवत नव्हते. तरी आली, सात दिवस दाराआड राहिली, चाचण्या केल्या. तोवर ४ जानेवारीला पुण्यात पहिली ते आठवीचे वर्ग ३० तारखेपर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय झाला, आणि ८ तारखेला राज्यभरातल्या शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद. एका वडिलांनी मला विचारलं, ‘१५ तारखेला काय होणार आहे?’ मी आदेश पुन्हा नीट वाचला. १५ तारखेला काय होईल, हे त्यात कुठेच नव्हतं.

माझी तक्रार हीच आहे. बंद करण्याबद्दल नाही.

शाळा उघडणं म्हणजे काय असतं, ते थोडं सांगते, कारण मंत्रालयातून फाटक तेवढं दिसतं. दीड वर्ष उभ्या राहिलेल्या बसची बॅटरी उतरलेली असते, टायर बसलेले असतात, पासिंगची मुदत टळलेली असते. चालक तोवर टेम्पोवर गेलेला असतो किंवा गावी परतलेला असतो. बसमध्ये चढता-उतरताना मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनी दुसरीकडे स्वयंपाकाची कामं धरलेली असतात. ऑक्टोबरात त्यांना परत बोलवताना, ‘ताई, या वेळी नक्की ना?’ या प्रश्नाला मी ‘नक्की’ म्हणाले. डिसेंबरात पुन्हा म्हणाले. आता फेब्रुवारीत फोन करायचा झाला तर काय म्हणू, ते तुम्हीच सांगा. शिक्षकांच्या दोन्ही डोसांची प्रमाणपत्रं, एका बाकावर एकच मूल, निम्म्या क्षमतेने बस आणि म्हणून दुप्पट फेऱ्या, प्रत्येक वर्गाला वेगळी वेळ हे सगळं बसवायला आठवडा तरी लागतो. मोडायला एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो.

जाता जाता आमच्याच घरचं एक उणं सांगते. आमची इमारत काचेची आहे, वातानुकूलित आहे आणि तिच्या बऱ्याचशा खिडक्या उघडतच नाहीत. विषाणू हवेतून पसरतो हे कळल्यावर आम्ही त्यातल्या काही कापून उघडत्या करून घेतल्या. पलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला व्हरांडा आहे, समोरासमोर खिडक्या आहेत, अंगणात झाड आहे. हवेच्या हिशेबाने ती शाळा आमच्यापेक्षा सुरक्षित. तरी दोघींना कुलूप एकच.

ग्रामीण आणि शहरी असा जो भेद आदेशांत असतो, त्याचीही गंमत आहे. ३० जून २०२१ ला सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली अशी २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या दिवसापर्यंत ग्रामीण असलेल्या शाळा रातोरात शहरी झाल्या. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून वर्ग उघडले, तेव्हा या हद्दीवरच्या पालकांना ‘तुमची पाचवी शहरी की ग्रामीण?’ हे विचारून घ्यावं लागलं. आमच्या एका बसमार्गावर पुणे महापालिकेतली मुलं बसतात, पिंपरी-चिंचवडमधली बसतात आणि मुळशी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतलीही. १ डिसेंबरला राज्याने पहिलीपासूनचे वर्ग सुरू करायला मुभा दिली, पण पुणे शहरात त्याला डिसेंबरचा मध्य उजाडला. एकाच घरातली दोन भावंडं, एक हद्दीच्या अलीकडच्या शाळेत, एक पलीकडच्या. एक घरी बसलेलं, दुसरं दप्तर घेऊन निघालेलं. विषाणूला मात्र हद्दीचा दगड दिसत नाही.

आणि पूर्वप्राथमिक? आजवर वर्ग उघडण्याचे जेवढे आदेश आले, त्यांतल्या एकातही तीन ते पाच वर्षांच्या मुलांना जागा मिळालेली नाही. मार्च २०२० मध्ये तीन वर्षांचं असलेलं मूल आज पाचाच्या घरात आहे. त्याला शाळा म्हणजे आईच्या मांडीवरचा टॅब.

आता लॅपटॉपच्या प्रश्नाकडे येते. आमच्या मुलांचं ऑनलाइन निभावलं, हे मान्य. पण ८ जानेवारीच्या आदेशाने आमची शाळा आणि मेळघाटातली आश्रमशाळा एकाच दिवशी बंद केली. गेल्या सप्टेंबरमध्ये १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे १४०० मुलांच्या पाहणीचा अहवाल आला. पाहणी गरीब वस्त्यांतली होती. त्यात ग्रामीण भागातली जेमतेम ८ टक्के आणि शहरातली २४ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. त्याआधी अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतल्या सरकारी शाळांत पाहिलं, तर ९२ टक्के मुलांची भाषेची किमान एक क्षमता मागे गेलेली. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता, पण आपली मुलं वेगळ्या मातीची असतील असं मला वाटत नाही. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका चांगली होती, शिक्षकांनी वस्त्यांवर जाऊन पारावर वर्ग घेतले, तेही खरं. पण आमच्याकडच्या मुलाचं वर्ष थोडंफार हुकेल. वस्तीतल्या त्या मुलाची शाळाच सुटेल, आणि मुलगी असेल तर कदाचित लग्नच लागेल. म्हणून घाई आहे. आमच्यासाठी कमी, त्यांच्यासाठी जास्त.

दुसरी बाजू मला दिसते. गेल्या आठवड्यात राज्यात बहुतेक दिवशी चाळीस हजारांच्या वर रुग्ण सापडत होते. डिसेंबरमध्ये टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात पन्नासहून जास्त विद्यार्थी बाधित झाले, घणसोलीच्या शाळेतही लागण झाली. वर्गात शिकवणाऱ्या आमच्या काही बाई साठीला आल्या आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना अजून लस नाही. फ्रान्सने या लाटेतही शाळा उघड्या ठेवल्या, तर नियमांच्या गोंधळाला कंटाळून तिथले शिक्षक १३ जानेवारीला संपावर गेले. उघडणं फुकट पडत नाही, हे मला कळतं. पण चौथ्या सिरो-सर्वेक्षणात, म्हणजे गेल्या जून-जुलैतच, सहा ते नऊ वयाच्या ५७ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. तेव्हा शाळा बंद होत्या. मुलांना विषाणू घरात, चाळीत, बाजारात भेटतच होता. त्याच जुलैत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) महासंचालक डॉ. बलराम भार्गव म्हणाले होते की शाळा उघडायच्याच तर प्राथमिक आधी उघडाव्यात. आपण वरच्या वर्गांपासून खाली आलो, आणि पहिलीपर्यंत पोचलो तोच पुन्हा बंद.

८ जानेवारीच्या आदेशात आणखी काय होतं, आठवतंय का? जिम आणि ब्यूटी पार्लर पूर्ण बंद. त्यावर ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी सुधारित आदेश निघून दोन्ही निम्म्या क्षमतेने सुरू झाले. उपाहारगृहं निम्म्या क्षमतेने, मॉल निम्म्या क्षमतेने, नाट्यगृहं-चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेने. जिमवाल्यांचा मला राग नाही, त्यांचीही पोटं आहेत. पण निम्मी क्षमता हा शब्द शाळेच्या वाट्याला का आला नाही? पहिली-दुसरीच्या मुलांना संघटना नसते, एवढंच मला त्याचं उत्तर सुचतं.

निकष बनवणं आपल्या राज्याला जमत नाही असं थोडंच आहे? ७ जून २०२१ पासून आपण निर्बंधांचे पाच स्तर लागू केले होते. पॉझिटिव्हिटी, म्हणजे चाचण्यांत बाधित निघणाऱ्यांचं प्रमाण, ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, आणि तिथून पुढे पाचव्या स्तरापर्यंत. दर आठवड्याला जिल्ह्याचे आकडे जाहीर व्हायचे आणि किराणावाल्यापासून मंगल कार्यालयवाल्यापर्यंत प्रत्येकाला सोमवारी आपलं काय होणार ते कळायचं. त्या तक्त्यात जिम होती, सलून होतं, लग्न होतं, चित्रीकरण होतं. शाळेची ओळ नव्हती. जुलैत एकदाच, महिनाभर रुग्ण नसलेल्या गावात आठवी ते बारावी सुरू करा, असा निकष तुमच्या विभागाने दिला, आणि गावांनी तो पाळून दाखवला. ग्रामसभेत ठराव झाले, पालकांनी सह्या केल्या. निकष दिला की लोक तो गाठायचा प्रयत्न करतात. तारीख दिली की तिच्याकडे बघत बसतात.

म्हणून मागणी एकच. तक्त्यात शाळेची ओळ घाला. माझं ऐकाल तर ती सगळ्यांत खाली घाला, म्हणजे मॉल आणि उपाहारगृहं बंद झाल्याशिवाय शाळा बंद होणार नाही. पण तुमच्या तज्ज्ञांना ती वर घालायची असेल तर वर घाला, फक्त घाला. आकडा मुंबईचा नको. गडचिरोलीतली शाळा वरळीच्या आलेखावर का चालावी? तालुक्याचा, शहरात प्रभागाचा आकडा धरा, आणि पूर्वप्राथमिकला वेगळा रकाना द्या. एखाद्या वर्गात रुग्ण निघाला तर तो वर्ग किती दिवस बंद, अख्खी शाळा कधी बंद, हेही त्यातच लिहा. आज हा निर्णय प्रत्येक मुख्याध्यापक आपल्या जिवावर घेतो आणि मग दोन्हीकडून बोलणी खातो.

येत्या काही दिवसांत तुम्ही शाळा सुरू करण्याची घोषणा कराल असं कानावर येतंय. झाली तर आनंदच आहे. पण ती घोषणाही ‘अमुक तारखेपासून’ एवढीच असली, तर पुढच्या लाटेत मी हेच पत्र वरची तारीख बदलून पाठवेन. आमचं पुढचं सत्र ऑगस्टमध्ये आहे आणि त्याच्या प्रवेशांची चौकशी आत्ताच सुरू झाली आहे. सेऊलहून एका आईने विचारलंय, रुग्ण वाढले तर शाळेचं काय ठरतं, आणि ते कोण ठरवतं? तिला लेखी उत्तर हवं आहे.

आणि उघडण्याचा दिवस ठरेल तेव्हा किमान आठ दिवस आधी कळवा. बसचं पासिंग तेवढ्यात होतं.

कळावे,

आपली विश्वासू,
एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या प्रवेश व वाहतूक विभागातील कर्मचारी