शुभदाला, बडोद्याहून

दांडिया बाजार, बडोदा
7 डिसेंबर 2025

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार. मार्क कार्नी पंतप्रधान झाल्यापासून कॅनडाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल बडोद्यात लोक काय म्हणतात, असं तू विचारलंस. बडोद्याचं मत हवं असेल तर आमच्या भिशीत येऊन बस. निम्म्या जणींची मुलं तुमच्याकडे, उरलेल्यांची जायच्या तयारीत. कुणाची व्हिसाची फाईल आली, कुणाची परत गेली यावरून गप्पा सुरू होतात आणि चहा येईपर्यंत गाडी कार्नीच्या आधीच्या ट्रुडोवर आलेली असते.

एकंदर मत असं, की ट्रुडो गेला आणि सुटलो. त्याचा सगळ्यांना राग. सप्टेंबर 2023 मध्ये, तिकडे खून झालेल्या खलिस्तानवादी निज्जरच्या प्रकरणात भारताचा हात असल्याचं तो संसदेत बोलला आणि तीन दिवसांत आपण कॅनेडियन लोकांचे व्हिसा थांबवले. आठवतं ना, काकांच्या वर्षश्राद्धाला तुला येता येईल की नाही याची केवढी धास्ती होती! मग ऑक्टोबर 2024 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या वकिलातीतले सहा-सहा अधिकारी घरी पाठवले. कार्नी मात्र आवडलाय. दोन देशांच्या मध्यवर्ती बँका सांभाळलेला माणूस आणि सयाजीरावांनी बँक काढून दिलेलं आपलं गाव. इथे दर दुसऱ्या घरात एक निवृत्त बँकवाला, तेव्हा विश्वास बसायला वेळ लागला नाही. जूनमध्ये त्यानं मोदींना जी-7 ला बोलावलं, दोन्हीकडे पुन्हा उच्चायुक्त आले, आणि गेल्या महिन्यात जोहान्सबर्गला व्यापार कराराची बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्यात परराष्ट्रमंत्री अनिता आनंद यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. तो फोटो मला इतक्या ग्रुपांवर आलाय की आता न बघताच पुसते.

यावरून निष्कर्ष काय निघतो, तर ‘आता व्हिसे सुटतील.’ इथेच माझं आणि भिशीचं वाजतं.

व्हिसे भांडणामुळे अडकलेच नव्हते गं. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या बांधली ती जानेवारी 2024 मध्ये, आणि तीही सगळ्या देशांची. कारण तुमच्याकडची घरभाडी. खात्यात दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून 20,635 वर गेली तीसुद्धा सगळ्यांनाच. फाईल लवकर निघायची ती एसडीएस योजना नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली, अधिकारी हाकलल्यानंतर तीन-चार आठवड्यांत. लोकांनी दोन्हीची सांगड घातली आणि अलकापुरीतल्या एजंटांनी ती सोडवायचे कष्ट घेतले नाहीत. का घेतील? ‘सरकारं भांडतायत, जरा थांबा’ म्हटलं की फी परत द्यायला लागत नाही.

आणि कार्नीनं काय केलं? सप्टेंबरपासून ती रक्कम 22,895 केली, आणि नोव्हेंबरच्या बजेटात 2026 साठी नव्या विद्यार्थ्यांचा आकडा 1,55,000 वर आणला. या वर्षीच्या निम्मा! एकीकडे दोस्ती, दुसरीकडे हे. भिशीत सांगितलं तर मालतीवहिनी म्हणाल्या, ‘तू नेहमी अपशकुनीच बोलतेस.’

त्यांना मग वाटाण्याची गोष्ट सांगितली. आपल्या शेव-उसळीला लागतो तो वाटाणा बराचसा बाहेरून येतो, आणि पिवळा वाटाणा पुरवण्यात कॅनडाचा हात मोठा. डिसेंबर 2023 मध्ये, भांडण अगदी ऐन भरात असताना, आपल्या सरकारनं त्यावरचं आयात शुल्क शून्य केलं, कारण डाळी महागल्या होत्या. आणि आता गोडीगुलाबी सुरू झाल्यावर? 1 नोव्हेंबरपासून तीस टक्के शुल्क, कारण स्वस्त वाटाण्यानं इथल्या तूर-हरभऱ्याचे भाव पडतात म्हणून शेतकरी ओरडत होते. म्हणजे त्यांच्याकडे घरभाडं, आपल्याकडे डाळीचा भाव. फोटोतलं हसू दोन्हीच्या नंतर. वहिनींना हे पटलं नाही, पण शेव-उसळ महागणार का, एवढं त्यांनी दोनदा विचारलं.

ही दोस्ती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यामागे ट्रम्प आहे. तुम्हाला एक्कावन्नावं राज्य म्हणाला, आयात शुल्क लावलं, आणि हरायला निघालेला कार्नीचा लिबरल पक्ष एप्रिलमध्ये जिंकला. आपल्यावर ऑगस्टमध्ये पन्नास टक्के लावले. दोघांनाही दुसरं गिऱ्हाईक हवंय. गरजेतून जमलेली सोयरीक पुष्कळदा बरी टिकते. मोठी माणसं ठरवतील तो करार होईलही, पण त्यात आपल्या पोरांच्या व्हिशाचं कलम असेलच असं धरून चालू नये.

एक गोष्ट मला खटकते. निज्जरचा विषय भिशीत कुणाला नको असतो. खटला चालू आहे, चार भारतीय मुलं अटकेत आहेत, तुमच्याकडचे शीख मोदींना बोलावल्यावर चिडले. हे काढलं की ‘ते राजकारण, सोड ना’ म्हणतात, आणि दुसऱ्याच वाक्याला 1985 मध्ये बॉम्बनं उडवलेलं एअर इंडियाचं कनिष्क विमान निघतं. तेव्हा 329 माणसं गेली आणि कॅनडानं त्याचं गांभीर्य ओळखलं नाही, हा राग मला समजतो. पण एक विसरायचं आणि एक लक्षात ठेवायचं, असं कसं चालेल? तुझ्या शेजारच्या कौरबाई यावर काय म्हणतात? तू त्यांच्याशी बोलतेस की तिथंही ‘सोड ना’च?

आता कामाचं. आमच्या निनादनं मे महिन्यासाठी फाईल टाकायचं ठरवलंय. एजंट म्हणतो, नवं सरकार मित्र आहे, काळजी नको. मला काळजी आहे. मिसिसागात तळघरातली एक खोली हल्ली कितीला पडते, आणि त्यात किती मुलं राहतात, हे खरं खरं कळव. कॉलेजचं नाव वेगळं पाठवते. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कुणाला नोकरी लागली का, तेही बघ. उत्तर वाईट असलं तर फोन कर, वहिनींसमोर मेसेज उघडायचा नाहीये मला.

तुझी,
मेधा