न्हाणीतला वास आणि गुडगुड

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्वार्टरच्या न्हाणीचं काल फोनवर ऐकलं. तू घाईत कोणाला बोलावशील, तो ॲसिडची बाटली ओतून पैसे घेऊन जाईल, म्हणून लिहून राहिले. वास वेगळा, गुडगुड वेगळी. दोन्हीचं कारण एकच असेल असं नाही.

क्वार्टर सारा उन्हाळा बंद होतं ना? जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी कायम साचलेलं राहायला पाहिजे, संडासाच्या टाकीतला वास तेवढ्यानंच अडतो. आपल्याकडच्या उन्हात ते पाणी टिकतं कुठं! दोन तांबे ओत आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पुढं सुट्टीत निघताना पाणी ओतून वर चमचाभर खायचं तेल सोडत जा, म्हणजे लवकर आटत नाही.

तरी वास राहिला तर जाळी उचल. आत उपडी वाटी असते. केस अडकतात म्हणून कित्येक जण ती काढूनच फेकतात. पाणी झपाझप जातं खरं, पण वासालाही रस्ता मोकळा. वाटी असली तर जुन्या ब्रशनं घासून काढ. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा चिकट थर धरतो, त्यात केस गुंततात आणि तेच कुजतं. हातमोजे तुझ्या आरोग्य उपकेंद्रात आहेतच.

गुडगुड कधी होते ते नीट ऐक. आंघोळीच्या पाण्यानंच होत असेल तर त्याच पाइपात गाळ आहे. संडासात बादली ओतल्यावर न्हाणीची जाळी बोलत असेल, तर पाइपाला दुसरीकडून हवा मिळत नाही. भरलेली बाटली उपडी केली की जसं गटगट होतं तसं. अशानं ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जातं आणि वास परत येतो. मग टाकीवरचा उभा पाइप बघायला लाव. कुंभारीण माशी त्याचं तोंड मातीनं लिंपून टाकते. शिडीवर तू एकटी चढू नको.

पावसाळ्यात सगळंच तुंबून गुडगुडू लागलं, तर शोषखड्डा भरला समज. आपली काळी माती एकदा भिजली की पाणी मुरू देत नाही. तेव्हा टाकी उपसायची गाडीच बोलवायची. कोणी आत उतरायला तयार झालं तरी साफ नाही म्हण. आतल्या वायूनं माणूस बघता बघता जातो, आणि २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय तसं उतरवायला बंदी आहे.

आणखी एक, उपकेंद्रात ब्लीचिंग पावडर हाताशी असते म्हणून सांगते: ती आणि ॲसिड एका ठिकाणी कधीच टाकू नको, क्लोरीन निघतो.

वाटी आहे की नाही तेवढं कळव. नसेल तर जाळीचं माप पाठव. बाबा बियाण्यासाठी आर्णीला जाणारच आहेत, येताना आणतील.

तुझी आई