चहा सोडून काय मिळतं?

वसई
रविवार, ३० मार्च २०२५
रात्री साडेअकरा

प्रिय सदू,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच चर्चमधल्या मिस्साच्या उपासनेहून परतलो होतो. गुढी उभारून झाल्याचं तू सांगितलंस, मागून काकूंचा आवाज ऐकू आला, फार बरं वाटलं. मग तू विचारलंस, "इनास, ईस्टरआधीच्या उपवासाचे हे चाळीस दिवस तुम्ही नक्की करता तरी काय? चहा सोडून मिळतं काय?" मी म्हटलं, पत्रातून कळवतो. तुला वाटलं असेल, हा टाळतोय. टाळत नव्हतो रे. हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच. त्यात आज संध्याकाळी जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आधी तुझ्या चाळिसाचा हिशेब. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला होता आणि ईस्टर २० एप्रिलला आहे. मधले दिवस मोजलेस तर शेहेचाळीस भरतील. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. उरले चाळीस. येशूने रानात काढलेले चाळीस दिवस, ते हे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या आम्ही घरी क्रूसामागे खोचून ठेवतो. वर्षभरात त्या वाळून कोळ होतात. मग त्याच गोळा करून जाळायच्या आणि त्यांची राख कपाळाला लावून घ्यायची. ज्या झावळ्या हलवून आपण येशू राजाचा जयजयकार केला, त्यांचीच राख. फादर कपाळावर बोट टेकवून सांगतात, तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस. लहानपणी हे ऐकून मला भीती वाटायची. आता चौपन्नाव्या वर्षी त्यात आधार वाटतो.

नियम म्हणशील तर फार कडक नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस पुरा उपवास, तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना. म्हणजे एकदा पोटभर आणि दोनदा अगदी थोडं. शुक्रवारी मटण-चिकन नाही. तुझी आजी म्हणायची ना, एकादशी आणि दुप्पट खाशी? तसं आमच्याकडेही होतं. शुक्रवारी मटण नाही म्हणून कोलंबी आणि सुरमई ताटात येते. माझी आजी मात्र उपवासकाळातल्या शुक्रवारी मासळीलाही हात लावत नसे. पेज आणि कैरीचं लोणचं. विचारलं तर म्हणायची, "पोट रिकामं ठेवलं की बाकीचं ऐकू येतं."

तिचं ते ऐकू येणं मला यंदा कळलं.

या वर्षी मी तीन गोष्टी धरल्या. चहा सोडायचा आणि त्याचे रोजचे तीस रुपये डब्यात टाकून शेवटी चर्चमधल्या गरिबांच्या पेटीत घालायचे. पहाटे साडेपाचला उठून त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला त्या दिवशीचा उतारा, वाचायचं. आणि रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं आत्मपरीक्षण. चहाचं सांगायचं तर पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं आणि त्याचा राग मी बायकोवर काढत होतो. उपवास माझा आणि भोग तिच्या वाट्याला. तिसऱ्याच दिवशी, शुक्रवारी ७ मार्चला, मिस्सात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वाचन होतं. देव लोकांना विचारतो, तुम्ही उपवास करता आणि त्याच दिवशी भांडता, मुठी उगारता, असला उपवास मला हवाय का? सोडायचाच असेल तर अन्यायाचे बंध सोडा, उपाशी माणसाला आपल्यातली भाकर द्या. ते ऐकताना मी मान खाली घातली ती वर होईना. घरी येऊन बायकोची माफी मागितली.

पहाटेचं वाचन मी फादर दिब्रिटोंनी मराठीत आणलेल्या बायबलमधून करतो. ते आमच्याच वसईतल्या नंदाखाल गावचे. गेल्या जुलैत गेले, आणि अजून पुस्तक उघडलं की त्यांचं बोलणं कानाशी येतं. वाचायचं थोडंच, दहा-बारा ओळी. एकदा वाचायचं, थांबायचं, पुन्हा वाचायचं, आणि जो शब्द अडकेल तो दिवसभर बरोबर न्यायचा. लोकलमध्ये उभा असताना, ऑफिसात फाइल उघडताना तो शब्द मनात फिरत राहतो. तुमच्याकडे वारीत चालताना एखादा अभंग दिवसभर ओठांवर राहतो असं तू सांगायचास, तसंच काहीसं.

रात्रीचं आत्मपरीक्षण ही संत इग्नेशियस लोयोलांची शिकवण. पोर्तुगिजांच्या तोंडून वसईत येता येता त्याच इग्नेशियसचा इनास झाला, म्हणजे माझं नाव त्यांचंच. पद्धत साधी आहे. डोळे मिटून आधी दिवसाबद्दल आभार मानायचे. मग देवाकडे उजेड मागायचा, कारण आपल्या डोळ्यांनी पाहिलं तर आपल्याला आपलंच बरोबर दिसतं. मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस हळूहळू समोरून जाऊ द्यायचा. कुठे मन उघडलं, कुठे घट्ट मिटलं, ते बघायचं. चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी बळ मागायचं. बस. दहा मिनिटं. पण सदू, मी तुला मनापासून सांगतो, सगळ्या उपवासकाळात याच्याइतकं अवघड काही नाही. चहा सोडणं याच्यापुढे काहीच नाही.

कारण दुसऱ्या आठवड्यापासून रोज रात्री, दिवस कुठूनही सुरू केला तरी तो एकाच जागी येऊन थांबायला लागला. माझ्या धाकट्या भावापाशी.

तुला आमचं सगळं माहीत आहे. म्हणजे मी जे सांगत आलो ते माहीत आहे. बाबा गेल्यावर वाडीची वाटणी झाली, त्याने आपला हिस्सा विकला, घेणाऱ्याने वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आपलं बावखल, बुजवलं. तेच बावखल, जिथे आपण दोघं दहावीच्या सुट्टीत पोहायला शिकलो, ज्याच्या पाण्यावर रहाट चालायचा आणि आजोबांच्या पानवेली जगायच्या. त्याच्यावर मातीचे डंपर ओतले गेले आणि मी कडेला उभा राहून बघितलं. तीन वर्षं झाली, मी भावाशी बोललो नाही. कोणी विचारलं की मी म्हणायचो, त्याने बावखल बुजवू दिलं. लोक हळहळायचे. ते दुःख खरंच होतं, आजही आहे. बावखलं गेली तर वसईच्या विहिरी गोड्या राहणार नाहीत, हे मी आजही ठासून सांगेन.

१४ मार्चला धुळवड होती, आठवतं? रस्त्यावर पोरं रंगली होती. त्या शुक्रवारचं शुभवर्तमान असं: तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. हा उतारा मी शंभरदा ऐकला असेल. त्या पहाटे पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात माझ्या मनात काय आहे हे विचारलेलंच नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हे विचारलंय. तीन वर्षांत मी या बाजूने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय असणार? काही नाही, असं स्वतःला सांगून मी पुस्तक मिटलं.

संध्याकाळी क्रूसाची वाट होती. उपवासकाळात दर शुक्रवारी असते. येशूच्या मरणयात्रेची चौदा स्थानं, प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकायचे, गाणं म्हणत पुढे जायचं. पाचव्या स्थानाला कुरेनेचा शिमोन येशूचा क्रूस उचलतो. त्याला काही क्रूस उचलायचा नव्हता. शेतातून घरी चालला होता, शिपायांनी धरून त्याच्या खांद्यावर दिला. म्हणजे जबरदस्तीनेच. तरी दोन हजार वर्षं लोक त्याचं नाव घेतात. मी तिथे गुडघ्यावर होतो आणि मला वाटलं, मलाही कोणीतरी धरून न्यायला हवं, आपण होऊन माझे पाय तिकडे वळणार नाहीत.

त्यानंतर आठवडाभराने एका रात्री आत्मपरीक्षणाला बसलो आणि एक वाक्य वर आलं. बुडालेली वस्तू वर येते तसं. विकायच्या आधी भाऊ माझ्याकडे आला होता. ओटीवर बसला, म्हणाला, "दादा, माझा हिस्सा तूच घेशील का?" मी म्हटलं, "माझ्याकडे पैसे नाहीत, आणि विकायचं नाव पुन्हा या घरात काढू नकोस." तो उठून गेला. त्याला पैसे कशासाठी हवे होते, हे मी विचारलं नाही. सदू, ही गोष्ट मी तीन वर्षं अनेकांना सांगितली, तुलाही सांगितली, पण हे वाक्य गाळून. मुद्दाम गाळलं असंही नाही. माझ्यापुरतं ते घडलंच नव्हतं. बावखल माझ्या रागावर पांघरूण होतं. आत खरा राग वेगळाच होता. बाबांचा जीव त्याच्यावर जास्त, तो वाडीत घाम न गाळता हिस्सा घेणार, आणि मला विचारून पुन्हा माझं न ऐकता जाणार. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. रोज रात्री दहा मिनिटं एका जागी बसल्यावर हे पांघरूण निघालं.

आणि आज उपवासकाळाचा चौथा रविवार. या एका रविवारी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात, वेदीवर फुलं दिसतात. अर्धी वाट सरली म्हणून आनंदाचा रविवार. तुमचा पाडवा नेमका त्यावर आला. शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं होतं. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, दूर देशी जाऊन उधळतो, परत येतो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. सगळे त्या धाकट्याकडे बघतात. मी मात्र शेतावरून आलेल्या थोरल्याजवळ थांबलो. घरात गाणं-बजावणं चाललंय आणि हा बाहेर उभा. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवतो. थोरला म्हणतो, "हा तुझा मुलगा." भाऊ म्हणत नाही. बाप त्याला म्हणतो, "हा तुझा भाऊ." आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलंच नाही.

दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी बायकोला सांगितलं आणि नालासोपाऱ्याला गेलो. त्याची बिल्डिंग मला माहीत होती, आत कधी गेलो नव्हतो. तिसऱ्या मजल्यावर भावजयीने दार उघडलं. ती क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, आत या ना." भाऊ कामावर होता, रविवारीही जातो म्हणे. तिने त्याला फोन केला. पलीकडून काय म्हणाला ते कळलं नाही. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "चहा ठेवू?"

सदू, पंचवीस दिवस चहा घेतला नव्हता, रविवारीसुद्धा नाही. पण राखेच्या बुधवारीच आम्ही वाचलं होतं, उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, तुमचा उपवास लोकांना दिसू देऊ नका. त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकून "माझा उपवास आहे" म्हणणं म्हणजे पुन्हा बाहेरच उभं राहणं. मी म्हटलं, "ठेव, साखर थोडी कमी." वेलची घातली होती तिने. आईच्या हातचा असायचा तसा.

भाऊ साडेनऊला आला. केस बरेच पिकलेत. चपला काढता काढता म्हणाला, "जेवलास?" मी नाही म्हटलं. दोघं जेवायला बसलो. पुतण्याची दहावीची परीक्षा नुकतीच झालीय, त्याचे पेपर कसे गेले ते बोललो. गणिताचा दुसरा अवघड गेला म्हणे. बावखलाचं नाव कोणी काढलं नाही. मला जे विचारायचं होतं, तेव्हा तुला पैसे कशासाठी हवे होते, ते घशापर्यंत येऊन परत गेलं. दहाला निघालो. जिन्यापर्यंत सोडायला आला. मी सांगितलं, शुक्रवारी पुन्हा येतो. तो म्हणाला, "शुक्रवारी क्रूसाची वाट ना तुझी?" मी म्हटलं, "तिच्यानंतर."

तर ४ एप्रिलला विचारणार आहे. विचारल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवलंय. तुझ्या प्रार्थनेत माझं नाव ठेव, तुझ्या विठोबापुढे ठेव, मला चालेल.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. श्रीखंड आता नको, ईस्टर झाल्यावर पुण्याला येतो, तेव्हा मात्र दोन वाट्या लागतील. उद्या ईद होईल बहुतेक. आमच्या शेजारच्या चाचांकडून शीरखुर्मा येईल, आणि तो मी परवासाठी झाकून ठेवणार नाही.

तुझा,
इनास