शनिवारच्या रुग्ण-भूमिकेच्या सरावाबद्दल

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता लातूरला, नर्सिंग कॉलेजच्या प्रात्यक्षिक कक्षात, आपण दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसमोर रुग्ण म्हणून बसणार आहोत. साडेआठलाच पोचा.

प्रत्येकाची केस, म्हणजे कोणता रुग्ण व्हायचं आणि काय त्रास सांगायचा, ती वेगळी पाठवली आहे. ती पाठ करा, कुणाला दाखवू नका. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही आणि विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला उत्तर तेच द्यायचं.

भाषा मात्र आपलीच ठेवा. मागच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "छातीत लई चमका मारायल्यात बाई." समोरची शिकाऊ मुलगी पेन धरून गप्पच. मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "कुठं, हात लावून दाखवता का?" हेच तर शिकवायचं आहे! रुग्णाची भूमिका करणाऱ्यांवर सराव करायची ही पद्धत डॉ. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ साली अमेरिकेत सुरू केली. शिकाऊ हाताची चूक खऱ्या रुग्णाला भोवत नाही.

- नाडी, बीपी बघू द्या. सुई किंवा औषध अजिबात नाही.
- नाश्ता करून या, रोजच्या गोळ्या चुकवू नका.
- खरंच त्रास झाला तर "थांबा, हे खरं आहे" म्हणा. सराव लगेच थांबेल.

शेवटी अभिप्राय देताना "तुला जमलं नाही" म्हणू नका. "तेव्हा मला भीती वाटली" असं सांगा.

येणार की नाही, गुरुवारपर्यंत कळवा.