‘उद्या या’ म्हणण्यातले सुख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लाच घेताना पकडलेल्या कर्मचाऱ्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात. मी महसूल खात्यात 31 वर्षे कारकुनी केली, कोणाकडून एक रुपया घेतला नाही. त्यामुळे स्वतःला स्वच्छ समजत आलो. ते पुरते खरे नव्हते, म्हणून हे पत्र.

काही वर्षे माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचे टेबल होते. या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. अशा घरातले माणूस मजुरी बुडवून, एसटीचे तिकीट काढून तालुक्याला येते. एकदा एक विधवा बाई आल्या. पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळे कागद जिथल्या तिथे. त्या दिवशी सकाळीच साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापले होते. बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, आज हुईल का हो?” कागद न उघडताच मी सांगितले, “उद्या या.” त्या “बरं” म्हणाल्या, कागदांची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि गेल्या. माझे डोके शांत झाले.

ते शांत होणे मला आजही आठवते. त्यांना परत पाठवून माझ्या पदरात काही पडणार नव्हते. पण तासाभरापूर्वी ज्याची कोणी किंमत ठेवली नव्हती, त्याच्या तोंडाकडे आता कोणीतरी आशेने पाहत होते. त्या तीनदा आल्या आणि दर वेळी ‘भाऊसाहेब’ म्हणाल्या. तो शब्द मला पुन्हा ऐकायचा होता. हे कबूल करायला निवृत्त व्हावे लागले.

सत्ता म्हटले की आपण मंत्रालयाकडे बोट दाखवतो. दवाखान्याची खिडकी, सोसायटीच्या सचिवाची सही, घरात कोणाला तरी चहा दुसऱ्यांदा करायला लावणे, इथे ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी येते.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदत घातली, चुकारपणाला 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. कायदा चांगला आहे. अर्ज ऑनलाइन झाल्याने खेटेही कमी झाले. पण मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुद्दाम ताटकळत ठेवणारा माणूस कायद्यात बरोबर बसतो.

माझी मागणी छोटी आहे. सरकारी कार्यालयांत प्रत्येक टेबलासमोर अर्जदारासाठी खुर्ची असावी आणि ती रिकामी असावी. माझ्या टेबलासमोर एक होती, तिच्यावर फायली असत. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहावे लागते. उभ्या माणसाचे, मान खाली घालून लिहिणाऱ्याला, फक्त हात दिसतात. त्या बाईंचा चेहरा मला आठवत नाही. पिशवी आठवते.

– एक सेवानिवृत्त महसूल कर्मचारी, जि. सातारा